छोट्या शिडाच्या बोटीची हाउस बॅटरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाउस बॅटरी म्हणजे इंजिन सुरू करणारी नव्हे, तर दिवे, पंखे, उपकरणं चालवणारी बॅटरी. हे प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांची बोट २५ ते ३२ फुटांची, केबिनची आणि १२ व्होल्टची आहे. कुणाची मुंबई बंदरात मूरिंगवर (तळाशी कायम बांधलेल्या बोयाला), कुणाची अलिबागच्या बाजूला नांगरावर, कुणाची गोव्यात नदीत. धक्क्यावरची वीज जवळजवळ कुणालाच मिळत नाही. परदेशी मासिकांतला बराचसा सल्ला मरिनात प्लग लावून उभ्या असलेल्या बोटींसाठी लिहिलेला असतो, तो इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे बॅटरी किती मोठी घ्यायची याच्या आधी ती परत भरायची कशी, हे ठरवावं लागतं.

१. इंजिनची बॅटरी आहेच की. मग हाउस बॅटरी वेगळी कशाला?

स्टार्टरची बॅटरी दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर देते आणि पुढच्या काही मिनिटांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) ती भरून काढतो. त्यासाठी तिच्या आत पातळ पट्ट्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. तिला रात्रभर दिवे-पंख्यांना जुंपलं आणि असं वारंवार निम्म्यापर्यंत उतरवलं, तर एका मोसमातच ती कामातून जाते. हाउस बॅटरी थोडा करंट तासन् तास देण्यासाठी असते. तिच्या पट्ट्या जाड असतात.

पण वेगळी ठेवण्याचं मोठं कारण सुरक्षेचं आहे. पहाटे मतलई (जमिनीकडून येणारा) वारा पडलाय, ओहोटी तुम्हाला खडकांकडे ओढतेय, अशा वेळी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवं. ते रात्री पंखा किती चालला यावर अवलंबून नको. दोरी ओढून सुरू होणारं आउटबोर्ड असेल तर मात्र एकच हाउस बॅटरी पुरे.

२. किती एएचची (अँपिअर-तासांची) घेऊ? सरळ आकडा सांगा.

सरळ आकडा हिशेबातूनच निघतो. हिशेब सोपा आहे : उपकरण किती अँपिअर ओढतं, गुणिले किती तास चालतं. किनाऱ्याकिनाऱ्याने दिघी, जयगड, विजयदुर्ग करत जाणाऱ्या, फ्रिज नसलेल्या २८ फुटी बोटीचा एक दिवस धरू.

नांगराचा एलईडी दिवा ०.२ अँपिअर, रात्रीचे १२ तास : अडीच एएच. केबिनचे तीन दिवे चार तास : तेवढेच. व्हीएचएफ रेडिओ दिवसभर ऐकत ठेवला तर पाच (२५ वॅटवर बोलताना तो पाच-सहा अँपिअर खातो, पण आपण बोलतो किती?). सात इंची चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा) आठ तास : आठ. एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारी यंत्रणा) आणि वारा-खोली दाखवणारी मापं मिळून तीन. टिलरचा (सुकाणूच्या दांड्याचा) ऑटोपायलट सहा तास : नऊ. दोन पंखे रात्रभर : सहा. सगळ्यांचे मोबाइल : चार. पाण्याचा पंप : एक. बेरीज ४१ एएच.

आता ढगाळ हवा, बंद पडलेलं इंजिन असं काही धरून दोन दिवस बाहेरून काहीच न मिळता निभावं, असा हिशेब ठेवा. म्हणजे ८२ एएच. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून ती १६० ते १८० एएच हवी. लिथियम ८० टक्के वापरता येते, म्हणून १०० एएच पुरते. शनिवारी बाहेर आणि रविवारी परत एवढंच करणाऱ्या, ऑटोपायलट नसलेल्या बोटीला दिवसाला २० एएच पुष्कळ झाले. तिला १०० एएचची एक शिशाची बॅटरी भरपूर.

ऑटोपायलटच्या आकड्यावर फार विसंबू नका. शिडं नीट जुळवली नसतील आणि बोट सतत वाऱ्याकडे वळायला बघत असेल, तर तो दुप्पट खातो. अशा वेळी मोठ्या बॅटरीपेक्षा मेनसेलला एक रीफ घेणं (मुख्य शीड थोडं गुंडाळून लहान करणं) स्वस्त पडतं.

३. लेबलवर १५० एएच आहे. म्हणजे १५० मिळतात ना?

शिशाच्या बॅटरीत लेबलवर आकड्याशेजारी सी-१० किंवा सी-२० लिहिलेलं असतं, ते आधी बघा. सी-२० म्हणजे २० तासांत हळूहळू काढली तर इतके एएच. तीच बॅटरी जोरात उपसली तर एकूण कमी मिळतं. त्यामुळे सी-१०वर १५० दाखवणारी बॅटरी सी-२०वर १५० दाखवणारीपेक्षा मोठी असते. आपल्याकडे सोलरसाठीच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी-१० असतो आणि घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर सी-२०. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून किंमत विचारणारे इथे हमखास फसतात.

वापरण्याजोगा भाग किती, हे प्रश्न २मध्ये आलंच आहे. निम्म्यावर थांबवलेली चांगली एजीएम (शिशाचीच सीलबंद जात, प्रश्न ५ पाहा) साधारण पाचशे वेळा उतरते-भरते. लिथियम ८० टक्के वापरूनही दोन हजारांच्या पुढे जाते.

४. फ्रिज ठेवला तर किती फरक पडतो?

सगळा हिशेब बदलतो. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो. थंड देशांतल्या पुस्तकांत तो तासाला वीस मिनिटं चालतो असं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या बंद केबिनमध्ये निम्मा वेळ तरी चालतोच, कधी जास्त. म्हणजे दिवसाला ५५ एएच निव्वळ फ्रिजचे, बाकी सगळ्या बोटीपेक्षा जास्त. प्रश्न २मधली बेरीज ९६वर जाते. दोन दिवसांसाठी शिशात साधारण ३८० एएच लागतात, म्हणजे शंभर किलोच्या वर वजन. लिथियममध्ये २४० एएच, तीस किलोच्या आसपास वजन.

माझं मत : दोन-तीन दिवसांच्या फेरीला चांगला जाड आइसबॉक्स आणि मासळीबाजारातून घेतलेला बर्फ. कोकणातल्या बहुतेक मोठ्या मच्छीमार बंदरांत बर्फाचा कारखाना असतोच. फ्रिज हवाच असेल तर बॅटरीच्या आधी त्याच्या इन्सुलेशनवर पैसे घाला.

५. साधी लेड-अॅसिड, एजीएम, जेल की लिथियम?

पाण्याची साधी बॅटरी सगळ्यात स्वस्त आणि मार खाणारी, पण बोट कलली की अॅसिड सांडायची भीती, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि दर महिन्याला पाणी बघावं लागतं. एजीएममध्ये अॅसिड काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेलं असतं, ती सीलबंद असते, कलली तरी बिघडत नाही. जेलही सीलबंद, पण चार्जिंगचं व्होल्टेज जरा जास्त झालं की कायमची दुखावते. नवीन घेणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

लिथियम म्हणजे इथे फक्त लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. १०० एएचची ११ ते १३ किलो भरते, शिशाची तेवढीच ३० किलोच्या आसपास.

निवड कशी करायची? शिशाची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत पटकन भरते, पण शेवटच्या २० टक्क्यांना चार-सहा तास घेते आणि ते तास तिला मिळालेच पाहिजेत. आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली तर पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता परत येत नाही. लिथियमला अर्धवट राहण्याचं काहीच वाटत नाही. आता तुमची बोट बघा. ती आठवडाभर मूरिंगवर उन्हात असते आणि फक्त रविवारी निघते? मग छोटं सोलर पॅनल पाच-सहा दिवस आरामात तिला काठोकाठ भरतं आणि एजीएम वर्षानुवर्षं टिकते. अशा बोटीवर लिथियमचा खर्च मला पटत नाही. रोज राहायचं, रोज खर्चायचं, इंजिन तासभरच चालणार, असा प्रवास असेल तर शिशाची कधीच पूर्ण भरत नाही. तिथे लिथियम घ्या.

६. गावातले ट्रॉलर ट्रकची बॅटरी वापरतात, घरी इन्व्हर्टरला ट्युब्युलर बॅटरी आहे. बोटीला का नको?

ट्रॉलरचं इंजिन जवळजवळ सतत चालू असतं, बॅटरी उतरायला वेळच मिळत नाही. शिवाय ट्रॉलर शिडाच्या बोटीसारखा तासन् तास कललेला राहत नाही. तुमची बोट २०-२५ अंश कलून तीन तास चालते. ट्युब्युलर बॅटरी खोल उतरण्यासाठीच बनलेली असते, तो गुण खराच. पण ती उंच, ५०-६० किलोची, पाण्याची असते आणि बाकाखालच्या कप्प्यात बहुधा मावतही नाही. बिल्जमधलं (बोटीच्या अगदी तळाशी साचलेलं) खारं पाणी सेलमध्ये शिरलं तर क्लोरीन वायू सुटतो, हे वेगळंच. कॅटमरान (दोन सांगाड्यांची, न कलणारी बोट) असेल, बंद पेटी आणि हवा जायला वाट असेल तर चालवता येते. एकाच सांगाड्याच्या बोटीत नको.

७. लिथियम पेट घेते म्हणतात. लाकडी-फायबरच्या बोटीत ठेवायची?

बातम्यांतल्या पेटलेल्या दुचाक्या आणि मोबाइलमध्ये बहुतेक वेळा निकेल-कोबाल्टच्या जातीचे सेल असतात. एलएफपीचं रसायन वेगळं : फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तापली तरी ती आगीला सहजी हवा पुरवत नाही. हे रसायन १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने मांडलं. त्या निबंधाचे पहिले दोन लेखक पाढी आणि नंजुंदस्वामी हे भारतीय होते. गुडइनफना २०१९ला नोबेल मिळालं.

म्हणून एलएफपी निर्धोक ठरत नाही. सेल ठेचला, शॉर्ट झाला, जास्त भरला, तर त्यातूनही जळणारा वायू निघतो. बहुतेक आगी तशाही बॅटरीत लागत नाहीत, ढिल्या जोडणीत आणि बारीक वायरीत लागतात (प्रश्न १२ पाहा). लहान बोटींवरच्या लिथियमसाठी आयएसओ/टीएस २३६२५ आणि अमेरिकेच्या एबीवायसी संस्थेचं ई-१३ अशी दोन तांत्रिक मानकं आहेत. काम करणाऱ्याला त्यांची नावं तरी माहीत आहेत का, हे विचारून बघा. विमा असेल तर बदल करण्याआधी कंपनीला लेखी कळवा.

८. जुनी काढली, त्याच जागी ‘ड्रॉप-इन’ लिथियम ठेवली. झालं ना?

नाही, आणि सगळ्यात महाग चूक इथेच होते. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी घ्यायला लागते, त्यामुळे अल्टरनेटरला उसंत मिळते. लिथियम शेवटपर्यंत मिळेल तेवढं ओढते. छोट्या डिझेलचा ५०-५५ अँपिअरचा अल्टरनेटर गरम इंजिनखोलीत, कमी फेऱ्यांवर, पूर्ण भाराने तासभर चालला तर जळतो. दुसरा धोका : बॅटरीचं बीएमएस, म्हणजे आतलं रक्षक सर्किट, अचानक तुटलं (त्याने जोडणी तोडली) तर अल्टरनेटरचा करंट जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि डायोड उडतात. कधी चार्टप्लॉटरही.

सोपा मार्ग : अल्टरनेटर शिशाच्या स्टार्टर बॅटरीलाच जोडलेला ठेवा आणि तिच्यापासून २०-३० अँपिअरच्या डीसी-टू-डीसी चार्जरने लिथियम भरा. चार्जर करंट बांधून ठेवतो आणि पलीकडे काही तुटलं तरी अल्टरनेटरसमोर स्टार्टर बॅटरी शिल्लक असते. दोन बॅटऱ्यांमधून निवडायचा ‘१-२-बोथ’ स्विच असेल तर ‘बोथ’ची जागा कायमची बंद करा.

सोलरच्या कंट्रोलरची सेटिंगही बदलायची. एलएफपीला १४.२ ते १४.४ व्होल्ट बास, आणि शिशासाठीचं इक्वलाइझ (मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरणं) आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणं दोन्ही बंद.

९. सोलर पॅनल किती वॅटचं?

ऑक्टोबर ते मे आपल्या किनाऱ्यावर ऊन चांगलं असतं. तरी बोटीवर पॅनल आडवं, तापलेलं, आणि बूम किंवा डोलकाठीच्या सावलीत असतं. १०० वॅटकडून दिवसाला २५-३० एएच धरा. प्रश्न २च्या बोटीला १५० ते २०० वॅट, शनिवार-रविवारच्या बोटीला ५० वॅटही चालतं. पॅनलच्या एका कोपऱ्यावर डोलकाठीची सावली पडली तरी बरंचसं उत्पादन जातं, म्हणून एका मोठ्यापेक्षा दोन छोटी, दोन बाजूंना, वेगवेगळ्या कंट्रोलरवर.

थंडीत सकाळी वारा नसतो, खारा (समुद्राकडून येणारा) वारा दुपारी सुटतो. तोवरचे दोन तास बहुतेक जण इंजिनवरच जातात. त्यातून मिळणारे एएचही हिशेबात घ्या.

१०. जुनी एक बॅटरी चांगली आहे. तिला नवी समांतर जोडू का?

एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या असतील तरच. जुनी नव्या बॅटरीला आपल्या वयावर आणते. शिसं आणि लिथियम थेट समांतर जोडण्याचे प्रयोग होतात, पण ज्याला विजेतलं सगळं कळतं त्यानेच ते करावेत आणि असा माणूस हे पान वाचत नाही. दोन बॅटऱ्या जोडताना धन तार एकीवरून आणि ऋण तार दुसरीवरून घ्या, म्हणजे दोघी सारख्या झिजतात.

११. बसवायची कुठे?

खाली, मध्याजवळ, बिल्जच्या पाण्याच्या वर आणि इंजिनखोलीच्या बाहेर. साधारण प्रत्येक दहा अंशांच्या वाढीमागे शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. लिथियमचं बीएमएस तर अतिउष्णतेत चार्जिंगच थांबवतं, आणि मे महिन्यात इंजिनशेजारच्या कप्प्यात ती वेळ येतेच. पट्ट्याने इतकी घट्ट बांधा की बोट आडवी झाली तरी हलणार नाही. एबीवायसीचा निकष असा : ४० किलोच्या जोराने ओढली तरी एका इंचापेक्षा जास्त सरकू नये. टर्मिनलवर झाकण हवंच, कारण पाना पडतो तो नेमका तिथेच.

लिथियम घालून चाळीस-पन्नास किलो वाचवले तर बोट पाण्यात किंचित वेगळी बसेल. रेसवाल्यांना आनंद, बाकीच्यांनी नांगराची साखळी वाढवावी.

१२. फ्यूज आणि वायर कोणती?

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलपासून सात इंचांच्या, म्हणजे १८ सेंटिमीटरच्या आत. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते आणि साधा फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालू राहू शकते. तिथे २०,००० अँपिअर तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज घ्या, मागवायला लागला तरी.

वायर टिनचा मुलामा असलेली तांब्याची. हार्डवेअरच्या दुकानातली उघडी तांब्याची वायर खाऱ्या हवेत दोन वर्षांत आतून काळी पडते. जाडीचं उदाहरण : फ्रिज बॅटरीपासून पाच मीटर, करंट पाच अँपिअर. जायची-यायची मिळून दहा मीटर वायर. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.६ व्होल्ट हरवतात, अडीचच्या वायरीत ०.३५. सुरू होताना कॉम्प्रेसर जास्त ओढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि तो ‘बॅटरी उतरली’ समजून बंद होतो. बॅटरी खराब म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी अशा वायरीच्या निघतात.

१३. मीटरवर १२.७ दिसत होतं, तरी रात्री सगळं बंद. असं कसं?

चार्ज होताना किंवा लगेच नंतर दिसणारं व्होल्टेज फसवं असतं. शिशाची बॅटरी काही तास निवांत राहू द्या, मग १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. निवांत असूनही १२.७ दाखवते आणि थोड्या भाराने कोसळते, तर क्षमता संपलीय.

लिथियममध्ये व्होल्टेज बघून काहीच कळत नाही. २० ते ९० टक्क्यांपर्यंत ती १३.० ते १३.३च्या आसपासच राहते, मग कडा येतो. तिथे आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा शंटवाला मॉनिटर लागतो. ऋण टर्मिनलला फक्त शंट जोडा, बाकी सगळ्या ऋण तारा शंटच्या पलीकडे. एक तार जरी थेट बॅटरीला राहिली तरी आकडा चुकतो.

१४. बीएमएसने भर समुद्रात रात्री सप्लाय तोडला तर?

दिवे, व्हीएचएफ, ऑटोपायलट एकदम जातात. जहाजांच्या वाटेवर हे धोक्याचं आहे. शिसं मरतानाही दिवे मंद होऊन सांगतं, लिथियम सांगत नाही. म्हणून मॉनिटरवर २० टक्क्यांचा गजर लावा. दिवे आणि व्हीएचएफ एका स्विचने स्टार्टर बॅटरीवर नेता येतील अशी सोय ठेवा, आणि हातातला व्हीएचएफ व टॉर्च भरलेले असू द्या.

आपोआप चालणारा बिल्ज पंप लिथियमवर एकटा सोडू नका. बोट मूरिंगवर, अवकाळी पाऊस, बीएमएस तुटलेलं, पंप मुका : बोट बुडायला एवढं पुरतं. पंप स्वतंत्र फ्यूजने, मुख्य स्विचच्या आधी, शिशाच्या बॅटरीवर द्या.

१५. लिथियम एवढी चांगली तर स्टार्टरलाही तीच का नको?

१०० एएचच्या बहुतेक एलएफपीचं बीएमएस १०० अँपिअरच्या आसपास सतत देऊ देतं. डिझेलचा स्टार्टर क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि बीएमएस तुटतं. स्टार्टरसाठीच्या लिथियम मिळतात, पण प्रश्न ८ आणि १४मध्ये शिशाच्या बॅटरीवर जे सोपवलंय, ते करायला मग कुणी उरत नाही.

१६. इंडक्शन शेगडी चालेल?

१८०० वॅट म्हणजे इन्व्हर्टरचा तोटा धरून १६५ अँपिअरच्या घरात. २०० एएचच्या वर लिथियम, हाताच्या बोटाएवढी जाड केबल आणि मोठा इन्व्हर्टर असेल तर भात शिजेल. २८ फुटी बोटीत गॅस किंवा स्पिरिटची शेगडीच बरी.

१७. सुटे सेल आणून स्वतः बॅटरी बांधू का?

३.२ व्होल्टचे चार सेल ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट होतात. २८० एएचचे चार सेल मिळून २२ किलोच्या आसपास. पैसे खरंच वाचतात. पण सेल आधी एकसारखे भरून घेणं, दाबून बांधणं, चांगलं बीएमएस, हलत्या बोटीत न सुटणारे जोड, एवढं सगळं जमलं पाहिजे. आपल्या बाजारात ‘नवे’ म्हणून वापरलेले आणि दुय्यम प्रतीचे सेल सर्रास येतात. क्षमता मोजायचं उपकरण नसेल तर नको. ई-रिक्षाचे तयार पॅक स्वस्त दिसतात, पण बहुतेक ४८ व्होल्टच्या पुढचे असतात आणि खाऱ्या दमट हवेसाठी बनलेले नसतात.

१८. पावसाळ्यात बोट वर काढली की बॅटरीचं काय करायचं?

शिसं आणि लिथियम दोघींना उलटं हवं असतं. शिशाची काठोकाठ भरून, तारा सोडून, घरी आणा आणि महिन्याला एकदा चार्जर लावा. उष्ण-दमट हवेत ती आपोआप उतरते आणि उतरलेली पडून राहिली की नारळी पौर्णिमेला नवीच घ्यावी लागते. एलएफपी ५०-६० टक्क्यांवर, सगळे भार आणि शंट सोडून, कोरड्या जागी. पूर्ण भरून चार महिने ठेवू नका. बोटीवरच ठेवणार असाल तर ताडपत्रीखालच्या सोलर पॅनलवर भरवसा नको, ते काहीच देत नाही.

१९. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ?

२०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, लिथियमसकट. शिशाची जुनी देऊन नवीवर सूट मिळतेच, ती घ्या. लिथियम घेणारा दुकानदार सहज सापडत नाही, म्हणून नवी घेतानाच परत घेण्याचं बिलावर लिहून घ्या. फुगलेली असेल तर डिस्चार्ज करायच्या भानगडीत पडू नका. टर्मिनलवर टेप लावा, घराबाहेर सावलीत ठेवा आणि न्यायला येणाऱ्याला ती फुगली आहे हे आधीच सांगा.